इंग्रजीच्या वहीतील जर्मन उधारी

मागील लेखात आपण पोर्तुगीज भाषेतून मराठीत स्थिरावलेल्या पगार, चावी, बटाटा, घमेले अशा शब्दांची उजळणी केली. त्यावर काही वाचकांनी विचारले की, आपली भाषा इतरांकडून शब्द घेते हे तर झाले. परंतु ज्या इंग्रजीकडून आपण आज दिवसरात्र शब्द घेत आहोत, ती इंग्रजी कोणाकडून घेते? प्रश्न सावकाराच्या सावकाराविषयीचा आहे आणि व्यापारी कुटुंबांतील वाचकांनी तो विचारावा हे स्वाभाविकच आहे. इंग्रजीचे सर्वांत मोठे देणे फ्रेंच आणि लॅटिन या भाषांचे. ते खाते इतके विस्तीर्ण आहे की एका लेखात मावणार नाही. म्हणून आज तुलनेने लहान, पण अतिशय उद्बोधक असे एक खाते उघडू : जर्मन भाषेचे.

आरंभीच एक गंमत सांगितली पाहिजे. परभाषेतून घेतलेल्या शब्दाला इंग्रजीत 'लोनवर्ड', म्हणजे कर्जाऊ शब्द, म्हणतात. ही संज्ञाच मुळी जर्मन आहे. जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी 'लेनवोर्ट' असा शब्द योजला आणि इंग्रजांनी त्याचे शब्दशः भाषांतर करून आपल्या वहीत चढवले. अर्थात कर्ज घेतल्याची नोंद ज्या शब्दाने करावयाची, तो शब्दही उसनाच! बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला मात्र या कर्जाची रीत फार विलक्षण वाटते. येथे तारण नाही, व्याज नाही, मुदत नाही आणि परतफेडही नाही. घेणाऱ्याच्या घरी भर पडते, पण देणाऱ्याची तिजोरी तसूभरही रिकामी होत नाही. असे कर्जखाते कोणत्याही बँकेच्या लेखापरीक्षकाने क्षणभरही चालू दिले नसते.

वारसा निराळा, उसनवार निराळी

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. इंग्रजी आणि जर्मन या मुळात एकाच कुळातील भाषा आहेत. इसवी सनाच्या पाचव्या शतकात अँगल, सॅक्सन आणि ज्यूट या टोळ्या आजच्या जर्मनी-डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून ब्रिटनमध्ये जाऊन वसल्या आणि त्यांच्या बोलींतून इंग्रजी घडली. त्यामुळे इंग्रजीतील वॉटर आणि जर्मनमधील वासर, मिल्क आणि मिल्श, फादर आणि फाटर ही जोड्यांची सारखी ठेवण उसनवारीमुळे आलेली नाही. ती वडिलोपार्जित आहे. दोन भाऊ विभक्त झाले तरी दोघांच्या घरी आजोबांची भांडी सापडावीत, तसा हा प्रकार. आज आपण पाहणार आहोत ते शब्द निराळे आहेत. विभक्त होऊन हजार वर्षे लोटल्यावर एका भावाने दुसऱ्याच्या दुकानातून आणलेला हा माल आहे.

हा माल कोणत्या दुकानांतून आला, हे पाहिले की जर्मन भाषिकांचा उद्योग काय होता ते आपोआप कळते. खाण, रसायनशाळा, शाळा-विद्यापीठ, स्वयंपाकघर आणि तत्त्वचिंतन ही ती दुकाने. अमुक समाज कोणत्या गोष्टीत अग्रेसर होता हे जाणून घ्यावयाचे असेल, तर शेजाऱ्यांनी त्याच्याकडून कोणते शब्द घेतले ते पाहावे. इतकी प्रामाणिक शिफारसपत्रे अन्यत्र मिळत नाहीत.

चांदीचे खोरे आणि खाणीतील भुते

पहिला मान अर्थातच डॉलरचा. परकीय चलनाच्या कामात ज्या शब्दाचा उच्चार मी दिवसातून शंभर वेळा केला असेल, त्याचे जन्मस्थान अमेरिकेत नाही. ते आजच्या चेक प्रजासत्ताकातील याखिमोव्ह नावाच्या लहानशा गावी आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी बोहेमियाच्या डोंगरांत चांदीची मोठी शीर सापडली आणि तेथे वसलेल्या नगराला संत योआखिम यांच्या नावावरून 'योआखिम्सटाल', म्हणजे योआखिमचे खोरे, असे जर्मन नाव मिळाले. तेथील श्लिक घराण्याच्या सरदारांनी इ. स. १५२० च्या सुमारास चांदीची मोठी, वजनदार नाणी पाडावयास प्रारंभ केला. या नाण्यांना 'योआखिम्सटालर' म्हणत. एवढे लांब नाव बाजारात कोण घेणार? व्यवहारात त्याचे 'टालर' झाले, डच आणि उत्तर जर्मन बोलींत 'डालर' झाले आणि इंग्रजांच्या तोंडी 'डॉलर'. स्पेनच्या चांदीच्या नाण्यालाही पुढे इंग्रज लोक स्पॅनिश डॉलर म्हणू लागले. तेच नाणे अमेरिकेतील वसाहतींत सर्वत्र चालत होते. स्वतंत्र झाल्यावर अमेरिकेने १७८५ मध्ये आपल्या चलनाचे एकक म्हणून डॉलर हे नाव स्वीकारले आणि १७९२ च्या नाणेविषयक कायद्याने टांकसाळ उभी राहिली.

'टाल' म्हणजे खोरे. म्हणजे 'टालर' या शब्दाचा अर्थ 'खोऱ्यातला' एवढाच! शेरशाह सूरने त्याच शतकात चांदीचा रुपया प्रचलित केला. त्या नावाच्या मुळाशी 'रूप्य', म्हणजे चांदी, हा संस्कृत शब्द आहे. आपण नाण्याला धातूचे नाव दिले, बोहेमियात गावाचे दिले. आज दोन्ही नाण्यांत चांदी उरलेली नाही, पण नावे मात्र खणखणीत आहेत.

याच डोंगरांतील खाणकामगारांनी इंग्रजीला आणखी दोन शब्द दिले आणि दोन्ही शब्द भुतांचे आहेत. तांब्यासारखे दिसणारे एक लालसर खनिज खाणीत सापडे. भट्टीत घातले तर तांबे मिळत नसे. उलट त्यातील आर्सेनिकच्या विषारी वाफांनी कामगार आजारी पडत. कामगार म्हणत, हे खरे तांबे नव्हे, 'कुप्फरनिकेल' आहे. कुप्फर म्हणजे तांबे आणि निकेल म्हणजे खट्याळ भूत. तसेच चांदीच्या खनिजाशेजारी सापडणाऱ्या दुसऱ्या एका फसव्या खनिजाला त्यांनी 'कोबोल्ट', म्हणजे पिशाच्च, म्हटले. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ गेओर्ग ब्रांट यांनी १७३५ च्या सुमारास या दुसऱ्या खनिजातून नवा धातू ओळखला आणि त्याचे नाव कोबाल्ट राहिले. त्यांच्याच देशातील आक्सेल क्रोनस्टेट यांनी १७५१ मध्ये पहिल्या खनिजातून दुसरा धातू वेगळा केला, तो निकेल.

आता या भुतांचे पुढे काय झाले पाहा. अमेरिकेत १८६६ पासून तीन भाग तांबे आणि एक भाग निकेल यांचे पाच सेंटचे नाणे निघाले आणि त्या नाण्यालाच लोक 'निकेल' म्हणू लागले. आपल्याकडे १९०७ पासून नागमोडी कडेचा एक आणा तांबे-निकेलच्या मिश्रधातूत पडू लागला आणि १९४७ चा रुपया तर शुद्ध निकेलचा होता. जुन्या पेटीत तो असल्यास जरूर पाहा. त्याच्या एका बाजूस वाघ आहे. कोबाल्टचे किरणोत्सारी रूप कर्करोगावरील उपचारांत वापरले गेले आणि आज मोबाईलच्या बॅटरीत कोबाल्ट असते. ज्याला कामगारांनी शिव्या देऊन फेकले, त्याचीच पुढे मागणी वाढली. व्यापारात जुना माल पाहणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये.

जस्ताचे नाव कोणाचे?

तिसऱ्या धातूची कथा आपल्या अधिक जवळची आहे आणि काहीशी बोचणारीही. आपण ज्याला जस्त म्हणतो, त्याला इंग्रजीत झिंक म्हणतात. हा शब्द जर्मन 'त्सिंक' वरून आला. भट्टीत गोठताना या धातूचे दात्यांसारखे टोकदार स्फटिक बनतात आणि जर्मन भाषेत दात्याला, सुळक्याला 'त्सिंक' म्हणतात. बहुधा त्यावरूनच हे नाव पडले असे मानतात.

परंतु धातू म्हणून जस्त मोठ्या प्रमाणावर गाळण्याची विद्या युरोपच्या कित्येक शतके आधी भारतात होती. राजस्थानात उदयपूरजवळ झावर, अर्थात जावर, येथे दोन हजार वर्षांपूर्वीपासूनच्या खाणी आहेत आणि मध्ययुगात तेथे जस्ताचे उत्पादन औद्योगिक प्रमाणावर चालत असे. खाणींच्या परिसरात जुन्या जैन मंदिरांचे अवशेषही उभे आहेत; म्हणजे ही नुसती खाण नव्हती, नांदती वस्ती होती. जस्ताची अडचण अशी की, भट्टीच्या उष्णतेत ते वितळून खाली न उतरता वाफ होऊन उडून जाते आणि हवा लागताच त्याची राख होते. झावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या बंद मुशी केल्या. त्यांत खनिज आणि कोळसा भरून मुशी भट्टीत उलट्या बसवीत आणि वाफ खालच्या नळीतून थंड भागात उतरवून धातू गोळा करीत. एका भट्टीत अशा छत्तीस मुशी बसत. तुटक्या मुशींचे ढीग आजही तेथे आहेत. काही जुन्या घरांच्या भिंतीही या मुशी रचूनच बांधलेल्या आहेत.

ब्रिस्टल येथील विल्यम चॅम्पियन यांनी जस्त गाळण्याच्या पद्धतीचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतले ते १७३८ मध्ये. जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्गग्राफ यांनी १७४६ मध्ये हा धातू वेगळा करून त्याचे शास्त्रशुद्ध वर्णन केले. आज जगभर नाव चालते ते जर्मन. कारण स्पष्ट आहे. योआखिम्सटालमध्ये वैद्य म्हणून काम करणाऱ्या गेओर्ग अग्रिकोला या विद्वानाने खाणी, भट्ट्या, पाणी उपसण्याची यंत्रे, कामगारांचे रोग हे सारे पाहिले, टिपले आणि त्याचा खाणविद्येवरील सचित्र ग्रंथ १५५६ मध्ये छापून प्रसिद्ध झाला. आपल्याकडे 'रसरत्नसमुच्चय' सारख्या संस्कृत ग्रंथांत जस्त काढण्याची कृती आलेली आहे, नाही असे नाही. पण भट्टीवरच्या कारागिराचे हात आणि ग्रंथकाराची लेखणी यांची गाठ छापखान्यापर्यंत पोहोचली नाही. ज्याने लिहून छापले, त्याचे नाव चालले.

या ठिकाणी घरातील एक शब्दही आठवतो. निकेल, जस्त आणि तांबे यांच्या मिश्रणाला 'जर्मन सिल्व्हर' म्हणतात. त्यात चांदीचा अंशही नसतो. जर्मनीत १८२० च्या दशकात हा मिश्रधातू चांदीला पर्याय म्हणून तयार होऊ लागला. आपल्या आजीच्या बोलण्यातील 'जर्मनचे पातेले' मात्र ॲल्युमिनियमचे. पण चांदीसारखे दिसते आणि चांदी नाही, म्हणून नावापुढे 'जर्मन', हे समीकरण आपल्या स्वयंपाकघरांतही रुळले होते.

बाजारपेठेतील शब्द

वाणिज्य भूगोलाच्या अभ्यासात आम्हांला 'हिंटरलँड' हा शब्द भेटला. जर्मन भाषेत हिंटर म्हणजे मागचा आणि लांट म्हणजे प्रदेश. बंदराच्या पाठीशी असलेला, त्या बंदराला माल पुरवणारा आणि त्याच्याकडून माल घेणारा मुलूख तो हिंटरलँड. स्कॉटिश भूगोलज्ञ जॉर्ज चिझम यांच्या वाणिज्य भूगोलावरील ग्रंथाने १८८० च्या दशकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत आणला. मराठीत आपण 'पृष्ठप्रदेश' म्हणतो. तो या शब्दाचा नेमका अनुवाद आहे. मुंबईचे उदाहरण घ्या. बंदर उत्तम, पण पाठीशी सह्याद्रीची भिंत. १८६३ मध्ये बोर घाटातून रेल्वे वर चढली, वऱ्हाडकडेही लोहमार्ग सरकत गेला आणि कापसाचा मुलूख मुंबईचा पृष्ठप्रदेश झाला. आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा याच मार्गाच्या कडेला असलेल्या गावांत दुकान मांडून बसले, ते काही योगायोगाने नव्हे.

'कार्टेल' हा दुसरा शब्द. मूळ इटालियन आणि फ्रेंच. पण उत्पादकांनी संगनमताने भाव आणि वाटे ठरवावयाचे, हा आजचा व्यापारी अर्थ त्याला जर्मनीत प्राप्त झाला. ऱ्हाइन-वेस्टफालिया प्रदेशातील कोळसा उत्पादकांचा १८९३ मध्ये स्थापन झालेला संघ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. जर्मनीत त्या काळी अशा करारांना कायद्याचे पाठबळ होते. आपल्याकडे २००२ च्या स्पर्धा अधिनियमाने त्यांना मनाई केली आहे. व्यापारी संघटनेच्या बैठकीत 'सर्वांनी एकच भाव ठेवू या' असे सहज म्हणणाऱ्यांनी या शब्दाचा आजचा कायदेशीर अर्थ जरूर जाणून घ्यावा.

'डिझेल' हे तर माणसाचे आडनाव. रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८५८ मध्ये पॅरिसमध्ये, बव्हेरियन आई-वडिलांच्या पोटी झाला. त्यांचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. आमच्या वाचकांत तेलाचे व्यापारी पुष्कळ आहेत, म्हणून सांगतो : १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या जातीचे एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले गेले होते. वनस्पती-तेलाला पुढे महत्त्व येईल, असे स्वतः डिझेल यांनी नंतर लिहूनही ठेवले. १९१३ मध्ये इंग्लंडकडे जाणाऱ्या जहाजावरून ते रात्रीतून नाहीसे झाले. माणूस समुद्रात गेला; नाव मात्र प्रत्येक मालमोटारीच्या टाकीत शिल्लक आहे.

आणखी एक शब्द 'प्लंडर'. जर्मन भाषेत याचा मूळ अर्थ घरातील किरकोळ सामान, कपडेलत्ते, अंथरूण-पांघरूण. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात सैनिक घराघरांतून हे सामान उचलून नेत. त्या कृत्याचे क्रियापद इंग्रज शिपायांनी मायदेशी नेले आणि १६४२ पासूनच्या इंग्लंडच्या यादवी युद्धात ते सर्वतोमुखी झाले. पुढे हेच इंग्रज हिंदुस्थानात आले आणि येथून 'लूट' हा शब्द घेऊन गेले. एकाच कृत्यासाठी दोन देशांतून दोन शब्द उसने घ्यावे लागले, यावरून वापर किती होता ते समजावे.

निळीचा प्रवास

आता माझ्या मते या खात्यातील सर्वांत महत्त्वाची नोंद : 'ॲनिलीन'. रंगांच्या व्यापारात असलेल्या कुटुंबांना हे नाव परिचित आहे. हा शब्द इंग्रजीत जर्मन भाषेतून आला. जर्मनीत तो 'आनिल' या निळीच्या पोर्तुगीज नावावरून घडवला गेला. पोर्तुगीजांनी ते नाव अरबांकडून घेतले, अरबांनी इराणी लोकांकडून आणि त्या सर्वांच्या मुळाशी आहे आपला संस्कृत 'नील'. अरबी 'अल्' हे उपपद 'नील'ला चिकटून 'अन्-नील' झाले आणि त्याचेच पुढे 'आनिल'. इंग्रजीतील 'इंडिगो' या दुसऱ्या नावाचाही अर्थ 'हिंदुस्थानचा' असाच आहे. अर्थात माल आपला आणि दोन्ही नावेही आपली.

१८२६ मध्ये उनफरडोर्बेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने नीळ तापवून तिच्यातून एक तेलकट द्रव मिळवला. १८४० च्या सुमारास फ्रित्शे या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने निळीतूनच तो पुन्हा काढला आणि त्याला आनिलीन हे नाव दिले. लवकरच सिद्ध झाले की हाच द्रव दगडी कोळशाच्या डांबरातूनही मिळतो. येथे इतिहास वळला. १८५६ मध्ये लंडनमध्ये अवघ्या अठरा वर्षांच्या विल्यम पर्किन यांनी ॲनिलीनपासून जांभळा रंग केला. शोध इंग्लंडमध्ये लागला, पण धंदा उचलला तो जर्मनीने. १८६५ मध्ये 'बाडिशे ॲनिलीन उंड सोडा फाब्रिक' ही कंपनी निघाली. आज तिला आपण बी.ए.एस.एफ. म्हणतो. त्या आद्याक्षरांतील 'ए' म्हणजे ॲनिलीन, म्हणजेच आपला नील. आडोल्फ फॉन बायर यांनी निळीची रासायनिक रचना १८८३ मध्ये उकलली आणि १८९७ मध्ये या कंपनीने कारखान्यात तयार केलेली नीळ बाजारात आणली. पुढे तर ॲनिलीनपासूनच नीळ बनवण्याची किफायतशीर रीत निघाली; लेक आईला जन्म देऊ लागली!

परिणाम हिंदुस्थानात दिसला. बिहारमधील निळीचा भाव कोसळला आणि मळेवाल्यांनी तो तोटा कुळांच्या माथी मारला. चंपारणात वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावण्याची 'तिनकठिया' सक्ती होतीच; नीळ परवडेना तेव्हा त्या सक्तीतून सुटका हवी म्हणून कुळांकडून वाढीव खंड आणि रोख रकमा घेतल्या गेल्या. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणात गेले ते याच तक्रारींची नोंद करण्यासाठी. हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून घेतल्या. त्या लढ्याचे बळ या लिहिलेल्या कागदांत होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

'ॲनिलीन' या शब्दात आपला नील आजही आहे. परंतु नाव आपले म्हणून धंदा आपला राहिला नाही. वडिलांच्या नावाची पाटी दुकानावर असणे आणि दुकान चालते असणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

ताटातील आणि पाटीवरील शब्द

आता थोडे हलक्या मालाकडे वळू. 'हॅम्बर्गर' या शब्दातील 'हॅम' पाहून शाकाहारी घरांत शंका येते. वास्तविक त्या अक्षरांचा डुकराच्या मांसाशी संबंध नाही. हाम्बुर्ग हे शहर. 'बुर्ग' म्हणजे कोट, आपल्या 'दुर्ग', 'गड' यांसारखा. आणि शेवटचा 'अर' म्हणजे 'तेथला'. म्हणजे हॅम्बर्गर याचा सरळ मराठी तर्जुमा 'हाम्बुर्गकर'! इंग्रजांनी तो चुकीच्या जागी तोडून 'बर्गर' वेगळा काढला. 'कोल्हापूरकर' मधून 'पूरकर' तोडून त्याला चटणी लावावी, तसा हा प्रकार झाला. पदार्थ मूळचा मांसाहारीच, पण 'व्हेज बर्गर' या शब्दात भाषिक दृष्ट्या काही विसंगती नाही, एवढा निर्वाळा देता येतो.

'नूडल' हाही जर्मन 'नूडेल'. 'म्यूस्ली' स्वित्झर्लंडच्या जर्मन बोलीतील. झुरिचचे डॉक्टर बिर्शर-बेन्नर यांनी १९०० च्या सुमारास आपल्या रुग्णांसाठी भिजवलेले ओट, किसलेले सफरचंद, लिंबाचा रस आणि सुक्या मेव्याचा हा आहार योजला. ते कच्च्या वनस्पतिजन्य आहाराचे पुरस्कर्ते होते. नावाचा अर्थ 'छोटासा लगदा'. आज तोच लगदा चकचकीत डब्यात बसून भारी भावाने आपल्या दुकानांत विकला जातो.

शाळेच्या पाटीवरचा 'किंडरगार्टन' हा शब्द फ्रीड्रिश फ्रोबेल यांचा. त्यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला हे नाव दिले. किंडर म्हणजे मुले, गार्टन म्हणजे बाग. संस्कृतप्रमाणे जर्मन भाषाही समासप्रिय. हा उघड षष्ठी तत्पुरुष. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये या बागांवर बंदी घातली आणि ती उठेपर्यंत १८६० उजाडले. फ्रोबेल तत्पूर्वीच, १८५२ मध्ये, निवर्तले होते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्यातून रुजलेले 'बालवाडी' आणि 'अंगणवाडी' हे शब्द पाहा. कोकणात नारळी-पोफळीच्या बागेला वाडी म्हणतात. परका शब्द जसाच्या तसा न उचलता त्याची कल्पना आपल्या मातीत लावली, की किती देखणे रोप येते!

'सेमेस्टर' हा शब्दही जर्मन विद्यापीठांतून इंग्रजीत आला. मूळ लॅटिन, अर्थ सहा महिन्यांचा. त्यातील दोन्ही घटक आपल्या 'षट्' आणि 'मास' यांचे सख्खे चुलत भाऊ आहेत. म्हणजे नातवाची सेमेस्टर परीक्षा ही आपली षण्मासिक परीक्षाच.

मनाचे शब्द

शेवटचे दुकान मनाचे. काळाचा कल सांगणारा 'झाइटगाइस्ट', भटकंतीची ओढ सांगणारा 'वाँडरलस्ट' हे शब्द इंग्रजीने जसेच्या तसे उचलले. त्यांत सर्वांत प्रसिद्ध 'शाडनफ्रॉइड'. शाडन म्हणजे नुकसान, फ्रॉइड म्हणजे आनंद; दुसऱ्याच्या नुकसानीने होणारा आनंद. समोरच्या दुकानाचा माल पडून राहिला, की आपल्या गादीवर बसून जे गुदगुल्यांसारखे वाटते, ते हेच. इंग्रज थट्टेने म्हणतात की, आमच्याकडे ही भावनाच नव्हती म्हणून शब्दही नव्हता. त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. शब्द नसला तरी भावना असतेच. शब्द मिळाला की ती स्वतःमध्ये ओळखता येते, एवढाच लाभ. आपल्या परंपरेने उलट बाजूचा शब्द जपून ठेवला आहे : 'प्रमोद', दुसऱ्याचा गुण पाहून होणारा आनंद. ज्या भाषेपाशी हे दोन्ही शब्द आहेत, ती अधिक श्रीमंत, असे मी म्हणेन.

खात्याचा गोषवारा

आता शिल्लक काढू. इंग्रजीने जर्मनकडून हे सारे घेतले आणि त्याने इंग्रजी लहान झाली नाही. म्हणून आपल्या मुलांच्या बोलण्यात चार परके शब्द आले की मराठी बुडाली, अशी हाकाटी करण्याचे कारण नाही. घेण्यात कमीपणा नाही. चिंता दुसऱ्या बाजूची असावी : आपल्याजवळ देण्यासारखे जे आहे, ते लिहिलेले आहे काय?

झावरची भट्टी आपली होती, पण नाव 'झिंक' झाले. नीळ आपली होती, पण तिचे रसायन दुसऱ्यांनी मांडले. दोन्ही ठिकाणी ज्ञान हातात होते, कागदावर अपुरे होते. आपल्या घराण्यांतही आज अशीच एक शब्दसंपदा हातांत आणि जिभेवर आहे. रोजमेळ, खतावणी, वटाव, कसर, अडत, मुद्दल, हुंडी. रुमालाखाली बोटांनी भाव सांगण्याची खूण. धान्य तळहातावर घेऊन त्याची प्रत ओळखण्याची रीत आणि त्या प्रतींची नावे. संगणकावर हिशेब आल्यापासून यांतील कित्येक शब्द नव्या पिढीच्या कानावरही पडलेले नाहीत. ते जाणणारी माणसे सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

तेव्हा घरोघरी एक साधी वही घ्यावी आणि आजोबांच्या शेजारी बसून आपल्या व्यवसायातील पन्नास शब्द, त्यांचे अर्थ आणि वापरण्याचा एक-एक प्रसंग लिहून काढावा. सुट्टीत नातवंडांना हे काम द्यावे. अशा वह्या संपादकांकडे आल्यास या सदरात त्यांची दखल अवश्य घेतली जाईल. वहीत न लिहिलेली उधारी वसूल होत नाही, हे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही; न लिहिलेल्या शब्दाचेही तसेच असते.

पुढील अंकी 'हुंडी' या शब्दाचे खाते उघडू.